चेंडूची शिवण व हवेतील वळण

क्रिकेट व बेसबॉल या दोन्ही खेळांत टाकलेला चेंडू पुष्कळदा सरळ मार्ग सोडून हवेतच बाजूला वळतो. या वळणामागे चेंडूचा वेग व फिरत यांबरोबरच त्याचे कातडी आवरण जोडणारी शिवण हे महत्त्वाचे कारण असते. क्रिकेटचा चेंडू १५५·९ ते १६३ ग्रॅ. वजनाचा व २२·४ ते २२·९ सेंमी. परिघाचा असून त्याच्या मध्यावरून टाक्यांच्या सहा ओळींचा एकच सरळ पट्टा जातो. बेसबॉलचा चेंडू थोडा हलका व थोडा मोठा असतो. त्याची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कापलेली दोन कातडी १०८ दुहेरी टाक्यांनी जोडलेली असल्याने शिवण नागमोडी वळत साऱ्या पृष्ठावर पसरते. क्रिकेटच्या गोलंदाजाला शिवण नावेच्या सुकाणूप्रमाणे एका दिशेला रोखून धरता येते. बेसबॉलपटूला मुख्यतः फिरतीवर विसंबावे लागते.

चेंडूच्या वक्र मार्गाचा शास्त्रीय उल्लेख प्रथम न्यूटन (१६४२–१७२७) यांच्या १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात आढळतो. तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, ही गोष्ट त्यांनी प्रकाशाविषयीच्या विवेचनात ओघाने सांगितली होती. बेंजामिन रॉबिन्झ (१७०७–५१) यांनी बंदुकीच्या गोळ्यांसंबंधी, तर जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस (१८०२–७०) यांनी १८५२ मध्ये फिरत्या दंडगोलासंबंधी प्रयोग केले. फिरत्या वस्तूवर वाऱ्यामुळे येणाऱ्या आडव्या बलास माग्नुस परिणाम हे नाव पडले व लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी १८७७ मध्ये टेनिसच्या चेंडूची चर्चा करताना त्याचाच आधार घेतला. ही उपपत्ती इतकी समाधानकारक वाटली, की वळणारा प्रत्येक चेंडू फिरतीमुळेच वळतो असे मानले जाऊ लागले. शिवणीकडे दुर्लक्ष होण्याचे हेच मुख्य कारण दिसते.

खेळाडू मात्र शास्त्रज्ञांच्या पुढे होते. फिलाडेल्फियाचे जॉन बार्टन किंग (१८७३–१९६५) हे मूळचे बेसबॉलपटू. त्या खेळातील हातोटी त्यांनी क्रिकेटमध्ये आणली आणि हवेत वळणाऱ्या वेगवान चेंडूने इंग्‍लंडमधील फलंदाजांना चकित केले. १९०८ च्या दौऱ्यात त्यांची गोलंदाजीची सरासरी ११·०१ होती.

उलगड्याची किल्ली लूटव्हिख प्रांटल (१८७५–१९५३) यांच्या सीमास्तराच्या कल्पनेत होती. गतिमान वस्तूला लगटून हवेचा एक अतिशय पातळ थर असतो, हे त्यांनी १९०४ मध्ये मांडले. हा थर शांत असल्यास पृष्ठापासून लवकर सुटतो. संक्षुब्ध झाल्यास अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो. गुळगुळीत गोलावर तारेचे कडे बसविले की थर संक्षुब्ध होतो आणि हवेचा रोध उलट कमी होतो, हे त्यांनी १९१४ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. क्रिकेटच्या चेंडूवरील शिवण हे जणू असेच एक कडे होय. शिवण किंचित तिरपी धरल्यास एका बाजूची हवा तिच्यावरून जाऊन संक्षुब्ध होते, तर दुसऱ्या बाजूची शांतच राहते. दोन्हीकडचे थर वेगवेगळ्या ठिकाणी सुटल्यामुळे दाब असमान होतो आणि चेंडू शिवणीच्या रोखाने ढकलला जातो. गोलंदाज देतो ती मागची फिरत वळण निर्माण करण्यासाठी नसून शिवण डळमळू नये म्हणून असते. १९५७ मध्ये रेमंड लिटलटन (१९११–९५) या खगोलशास्त्रज्ञाने या विषयावर लिहिलेला लेख आरंभीच्या विवेचनांत गणला जातो.

मोजमापे त्यानंतर बऱ्याच काळाने झाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील रवींद्र मेहता व त्यांचे सहकारी यांनी वातविवरात चेंडूवरील बल मोजून आपले निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. शिवण सु. २०° तिरपी, वेग सेकंदाला सु. ३० मी. (तासाला सु. ११० किमी.) व फिरत सेकंदाला सु. ११ वेळा असता वळण सर्वाधिक मिळते. आडवे बल त्या वेळी चेंडूच्या वजनाच्या सु. ३० ते ४० टक्के भरते. बल जवळजवळ स्थिर राहत असल्याने मार्ग अन्वस्ताकार होतो. पहिल्या अर्ध्या वेळात एकूण वळणापैकी फक्त एक-चतुर्थांश वळण होते. चेंडू उशिरा वळला असे फलंदाजाला वाटते, त्याचे कारण मुख्यतः हेच. दमट हवेत चेंडू अधिक वळतो या लोकप्रिय समजाला मात्र प्रयोगांत आधार मिळाला नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते.

वेग फार वाढल्यास, सेकंदाला सु. ३८ मी.च्या पुढे, हवा शिवणीपाशी पोहोचण्यापूर्वीच संक्षुब्ध होते. मग शिवण त्या थराला जाड व दुबळा करते, तो त्या बाजूस लवकर सुटतो आणि चेंडू उलट दिशेला वळतो. जुन्या चेंडूची खडबडीत बाजू पुढे ठेवल्यास हा उलटा स्विंग कमी वेगातही मिळतो. पाकिस्तानी गोलंदाजांनी ही कला प्रसिद्धीस आणली. मार्च १९७९ मध्ये मेलबर्न येथे सर्फराझ नवाझ यांनी ३३ चेंडूंत एका धावेच्या मोबदल्यात सात बळी घेतले. पुढे १९९२ च्या इंग्‍लंड दौऱ्यात वसीम अक्रम व वकार युनूस यांच्या यशामुळे चेंडू कुरतडल्याचा आरोप झाला. हा वाद केवळ शास्त्राचा राहिला नाही. गोलंदाजांची प्रतिष्ठा त्यात पणाला लागली. कपड्याने चेंडू चमकविणे नियमात बसते, तर तो ओरखडणे वा शिवण उचकटणे बसत नाही. लाळ लावण्यास २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बंदी आली. परंतु पुरेशा वेगाने टाकलेला अखंड चेंडूही उलटा वळू शकत असल्याने नुसते वळण हा लबाडीचा पुरावा ठरत नाही. ही गोष्ट त्या वेळच्या आरोपांत फारशी ध्यानात घेतली गेली नाही.

महाराष्ट्रात कोल्हापूरचे दत्तू फडकर (१९२५–८५) यांनी ३१ कसोटींत ६२, तर मुंबईचे रमाकांत देसाई (१९३९–९८) यांनी २८ कसोटींत ७४ बळी घेतले. मोठ्या शहरांबाहेर शिवणीशी ओळख होण्यातच अडचण असते. खानदेशात शिंदखेडा, शिरपूर यांसारख्या तालुक्याच्या गावी मुलांच्या हाती बहुधा टेनिसचा चेंडू पडतो. त्याला उठावाची शिवण नसते व लव सर्वत्र सारखीच असते. त्यामुळे वेग व फिरत शिकता येते, शिवण रोखणे मात्र कातडी चेंडू हाती आल्यावरच. नागपूरजवळच्या खाणवस्तीत वाढलेले उमेश यादव (१९८७– ) कातडी चेंडूकडे विशीच्या आसपास वळले व २०११ मध्ये कसोटी संघात आले.

श्रीरामपूरचे (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) डावखुरे झहीर खान (१९७८– ) यांनी ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिज येथील विजयात त्यांनी नऊ बळी मिळविले. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले. त्या स्पर्धेत त्यांनी वापरलेला ‘नकल’ चेंडू मूळचा बेसबॉलमधील आहे. तो बोटांच्या पेरांशी धरून जवळजवळ न फिरविता सोडतात. बेसबॉलमध्ये अशा चेंडूची नागमोडी शिवण सावकाश फिरताना बल सारखे दिशा बदलते व चेंडू वेडावाकडा जातो, असे वॉट्स व सॉयर यांनी १९७५ मध्ये दाखविले. क्रिकेटमध्ये त्याचा उपयोग मुख्यतः वेगाचा अंदाज चुकविण्यासाठी होतो. बेसबॉलच्या चेंडूचे वळण फिरतीइतकेच शिवणीच्या मांडणीमुळेही बदलते, हे यूटा स्टेट विद्यापीठातील बार्टन स्मिथ व इतरांनी २०१९ पासून केलेल्या प्रयोगांवरून पुढे आले आहे.