विलायतेतला उन्हाळी झगा



विलायतेत उन्हाळा म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्ट. आपल्याकडे त्या वेळी पावसाची झड लागलेली असते आणि शेतकरी पेरणी-खुरपणीत गढलेला असतो. तिकडचा उन्हाळाही मोठा लहरी. सकाळी ऊन, दुपारी सर आणि संध्याकाळी गार वारा! म्हणून सुती झगा घालून निघालेली बाई लोकरीचे जाकीट हाताशी ठेवतेच. तरीही चार दिवस बरे ऊन पडले, की पेठेतल्या दुकानांच्या काचांमागे फुलाफुलांचे सुती झगे झळकू लागतात. गावातल्या या मुख्य पेठेला तिकडे ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात.

हा झगा म्हणजे अगदी साधी वस्तू. मजुराच्या बायकोलाही परवडावी अशी. पण असे कापड अंगावर घालणे हा एके काळी तिथे गुन्हा होता, हे तुम्हाला खरे वाटेल का? आज त्याच झग्याची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या कापसाशी आणि आपल्या विणकरांशी जोडलेली आहे, म्हणून ती आपणही जाणून घ्यावी.

सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडातली सामान्य माणसे लोकर आणि तागाचे कापड वापरीत. रेशीम श्रीमंतांचे. लोकरीचे जाड कापड उन्हात नकोसे होई आणि ते वरचेवर धुताही येत नसे. अशा वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानचे छापील सुती कापड तिकडे जाऊ लागले. हलके, धुतले तरी रंग न सोडणारे आणि वर स्वस्त! मंजिष्ठ आणि नीळ यांचे रंग सुतावर पक्के कसे बसवायचे, ही विद्या आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. युरोपात ती कोणाला नीट साधली नव्हती. म्हणून सरदाराच्या बायकोपासून तिच्या मोलकरणीपर्यंत साऱ्या जणी ही चीट वापरू लागल्या. या कापडाबरोबर शब्दही गेले. आपल्या चिटेचा त्यांनी ‘चिंट्‌झ’ केला, कालिकत बंदरावरून ‘कॅलिको’ आला, आणि आपल्या मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून ‘डंगरी’ हा शब्द निघाला. तिकडे आजही लहान मुले उन्हाळ्यात डंगरी घालून खेळतात.

पण एकाची सोय ती दुसऱ्याची उपासमार, असे व्यापारात पुष्कळदा होते. लोकर आणि रेशीम विणणाऱ्या इंग्रज विणकरांचे माग बंद पडू लागले. त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा १७०० साली पार्लमेंटने कायदा करून बाहेरून छापील कापड आणण्यास बंदी घातली. व्यापाऱ्यांनी पळवाट काढली. पांढरे कापड आणायचे आणि लंडनमध्ये छापायचे! विणकरांचे हाल तसेच राहिले. शेवटी १७१९ साली लंडनच्या स्पिटलफील्ड्‌स भागातले विणकर रस्त्यावर उतरले. छापील सुती झगा घातलेली बाई दिसली, की तिच्यावर शाई फेकावी, तिचे कपडे ओढून फाडावेत, असे प्रकार भर रस्त्यात घडले. विणकरांचे दुःख खरे होते, यात शंका नाही. पण त्याचा राग निघाला तो रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांवर.

त्यानंतर १७२१ साली दुसरा कायदा झाला. त्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यासच मनाई केली. घालणारा सापडला तर ५ पौंड दंड, आणि तो दंड चुगली करणाऱ्याला मिळायचा! विकणाऱ्याला दंड २० पौंडांचा. मलमलीला आणि नुसत्या निळीत रंगवलेल्या कापडाला तेवढी सूट होती.

आता पुढची गंमत पाहा. आपल्या मालाला दार बंद झाल्यावर त्या आडोशाला इंग्रज कारागीर सूत कातायला, विणायला आणि छापायला शिकले. यंत्रे आली. १७७४ साली पार्लमेंटने सुती कापडावरची बंदी उठवली, पण कोणत्या कापडावरची? ब्रिटनमध्ये विणलेल्या. ओळख पटावी म्हणून त्या कापडाच्या दोन्ही किनारींत तीन-तीन निळे दोरे विणण्याची सक्ती होती. पुढे रुळांनी कापड छापण्याचे यंत्र निघाले आणि लँकेशायर परगणा साऱ्या जगाला कापड पुरवू लागला. त्याला लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई, आणि तो वेचत असत गुलाम. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तेव्हा तो कापूस अडला, लँकेशायरच्या कामगारांच्या घरी चुली विझल्या आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. कापूस पिकवणाऱ्यांना या दोन ओळींचा अर्थ अधिक समजावून सांगायला नको.

कापड स्वस्त झाले तसे पेठेचे रूपही पालटले. पूर्वी कापडाच्या दुकानातून वारावर कापड आणायचे आणि घरी बेतून शिवायचे, अशी रीत होती. मग तयार कपडे आले. पोलंडकडच्या मुलखातून आलेल्या मायकेल मार्क्स नावाच्या एका गरीब ज्यू फेरीवाल्याने १८८४ साली लीड्‌स शहराच्या बाजारात एक पाल मांडले. भाव विचारू नका, सारे एका पेनीला, अशी त्याची पाटी होती. घासाघीस नाही आणि इंग्रजी धड येत नसले तरी अडत नाही! १८९४ मध्ये टॉमस स्पेन्सर हा भागीदार झाला, आणि त्यातूनच ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ हे नाव गावोगावच्या हाय स्ट्रीटवर पोहोचले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या दुकानांत पाच शिलिंगांवर कोणतीच वस्तू नसे. गिरणीतल्या मुलीला नवा झगा घेता येऊ लागला तो असा.

तो घालून जायचे कोठे? १८७१ च्या कायद्याने ऑगस्टमधल्या एका सोमवारी सुटी मिळाली. लँकेशायरमध्ये तर उन्हाळ्यात एकेका गावच्या गिरण्या आठवडाभर बंद राहत आणि सारे गाव समुद्रकाठी ब्लॅकपूलला लोटे. वर्षभर दुसऱ्यांसाठी कापड विणणारे हात त्या आठवड्यात स्वतः सुती कपडे घालून वाळूत बसत.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. वर्षाला ६६ कूपने. लोकरीच्या झग्याला ११ लागत, सुती झग्याला ७. पायमोजे मिळेनात, तेव्हा मुली पायांना तपकिरी रंग लावून मागे पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढीत! हे रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चालले. त्यामुळे प्रेस्टनच्या हॉरॉकसेस गिरणीने मोठ्या फुलांचे रंगीत सुती झगे बाजारात आणले, तेव्हा बायकांना केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करा. खुद्द राणी एलिझाबेथनेही १९५३-५४ च्या दौऱ्यात ते घातले होते.

परंतु चक्र फिरले होते. १९५८ पर्यंत अशी वेळ आली, की ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या सुती कापडापेक्षा आत येणारे अधिक झाले. त्यात हाँगकाँगचे होते तसे आपल्या देशाचेही होते. १९५९ साली सरकारने गिरणीमालकांना पैसे देऊन जुने माग मोडीत काढायला लावले.

इथे मला १९३१ चा सप्टेंबर आठवतो. आपल्या परदेशी मालावरच्या बहिष्काराने लँकेशायरमध्ये बेकारी वाढली होती, आणि गांधीजी त्या बेकार कामगारांनाच भेटायला डार्वेन गावी गेले. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांचे दुःख गांधीजींनी नाकारले नाही. पण आपल्या देशातले दारिद्र्य त्याहून किती खोल आहे, हे त्यांना समजावून सांगितले. १७१९ साली बाईचा झगा फाडणाऱ्या जमावाशी ही भेट ताडून पाहा.

पुढे कपडे शिवण्याचे कामही परदेशी गेले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावले गेले. अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बायका फार. ब्रिटनच्या हाय स्ट्रीटवरच्या प्रायमार्कसाठी तिथे कपडे शिवले जात. त्या दुकानाने पुढे मृतांच्या कुटुंबांना भरपाई दिली, पण गेलेली माणसे परत येत नाहीत.

आता त्या पेठेवरही वाईट दिवस आले आहेत. वुलवर्थ्‌सची दुकाने जानेवारी २००९ मध्ये बंद झाली, बी.एच.एस. २०१६ मध्ये गेले. पुष्कळ गिऱ्हाईक घरबसल्या फोनवरून कपडे मागवते. कधी माग बंद पडतो, कधी गिरणी, कधी दुकान. झगा मात्र दर उन्हाळ्यात नवा असतो आणि स्वस्त असतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. वर्गातल्या एखाद्या मुलाचा सदरा घ्या आणि विचारा : याचा कापूस कोणी वेचला, सूत कोणी कातले, कापड कोणी विणले, शिवले कोणी, विकले कोणी, आणि प्रत्येकाच्या पदरात काय पडले? सगळी उत्तरे मिळणार नाहीत. पण दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीमागे माणसे असतात, एवढे जरी मुलांच्या ध्यानात आले, तरी इतिहासाचा तो तास सार्थकी लागला असे समजावे.