खुब्याचा कृत्रिम सांधा : यश आणि काळाची कसोटी

शस्त्रक्रियेचे यश केव्हा मोजावे, हा प्रश्न सांध्यांच्या शस्त्रक्रियेत विशेष बिकट आहे. जखम भरून येण्यास काही आठवडे पुरतात. परंतु कृत्रिम सांध्याची खरी परीक्षा त्यावर वर्षानुवर्षे पडणारा शरीराचा भारच घेत असतो. या दृष्टीने इंग्लंडमधील शस्त्रवैद्य जॉन चार्नली (१९११–१९८२) यांच्या कार्याचा इतिहास अभ्यसनीय होय.

लँकाशायर परगण्यातील राइटिंग्टन येथील रुग्णालय मूळचे क्षयरोग्यांसाठी होते. तेथे चार्नली यांनी सांध्यातील घर्षणाचा सूक्ष्म विचार केला. घर्षण जितके कमी, तितके रोपण हाडात दृढ राहील, हे त्यांचे मूलसूत्र. त्यानुसार त्यांनी मांडीच्या हाडावर पोलादाचा लहान गोल माथा व खुब्याच्या खळग्यात टेफ्लॉनची वाटी बसविली आणि दोन्ही भाग ॲक्रिलिक सिमेंटने पक्के केले. वर्षानुवर्षे वेदना सोसणारे रुग्ण सुखाने चालू लागले. १९६१ मध्ये ‘दि लॅन्सेट’मध्ये ही पद्धती प्रसिद्ध झाली.

तथापि दोनतीन वर्षांतच हे यश फसवे ठरले. टेफ्लॉन झपाट्याने झिजले, त्याच्या कणांमुळे सभोवतालच्या ऊतींत दाह उत्पन्न झाला व रोपणे सैल पडली. अशा शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ३०० होती. दोष कणांचा आहे काय, हे पडताळण्यासाठी चार्नली यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. तेथे गाठी उठल्याचे त्यांनी १९६३ मध्ये जाहीर केले. घर्षण कमी म्हणजे झीजही कमी, हे गृहीतच चुकीचे होते.

पर्यायही प्रयोगशाळेतच गवसला. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने आणलेला पॉलिएथिलीनचा नमुना चार्नली यांनी प्रथम नापसंत केला. परंतु त्यांचे साहाय्यक हॅरी क्रेव्हन यांनी तो यंत्रावर तपासला असता त्याची झीज अत्यल्प आढळली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तो वापरात आला. मात्र पूर्वानुभवाने सावध झालेल्या चार्नली यांनी आपल्या सांध्याची खुली विक्री अनेक वर्षे होऊ दिली नाही. जंतुसंसर्गाकडेही त्यांनी तितक्याच काटेकोरपणे पाहिले. आरंभी शेकडा सुमारे ७ असलेले त्याचे प्रमाण शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष, विशेष पोशाख इत्यादी उपायांनी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले.

पॉलिएथिलीनही सर्वथा निर्दोष नव्हते. रोपणाभोवतीचे हाड विरघळू लागल्याचे १९७० नंतरच्या दशकात दिसून आले, तेव्हा प्रथम सिमेंटला दोष देण्यात आला. झिजलेल्या कणांचा वाटा पुढे उमगला. एका शस्त्रवैद्याच्या दक्षतेवर विसंबणे पुरेसे नाही, हे जाणून स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. अशाच नोंदींवरून धातूवर धातू फिरणाऱ्या एका सांध्यात पुनःशस्त्रक्रियेचे प्रमाण अधिक असल्याचे उघड झाले, आणि २०१० मध्ये तो जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आला. तोवर सहस्रावधी रुग्णांच्या शरीरात तो बसविला गेला होता.

टेफ्लॉनचा धडा अर्धशतकानंतर पुन्हा गिरवावा लागला, ही गोष्ट चिंतनीय आहे. नव्या साधनाचे आरंभीचे सुपरिणाम हा त्याच्या गुणाचा पुरावा नसून केवळ निरीक्षणाचा प्रारंभ होय. ते निरीक्षण अखंड चालविण्याची जबाबदारी टळली, तर तिचे मोल रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने द्यावे लागते.