अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रिया आणि शरीरसंबंधांचा प्रश्न

अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय किंवा योनीच्या भिंती खाली सरकणे, या विकारावरील शस्त्रक्रियेचे यश दीर्घकाळ एकाच कसोटीवर ठरे: अवयव जागेवर राहिला की नाही. पॅरिसच्या लेओं ल फोर यांच्या १८७७ च्या पद्धतीत योनीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवत. विकार आटोक्यात येई, पण शरीरसंबंध कायमचा अशक्य होई. १८८८ पासून मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी योनिमार्ग राखणारी शस्त्रक्रिया रुजवली; मात्र तिच्यात गर्भाशयमुख कापले जाई.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांना ते परवडणारे नव्हते. मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशयमुख न कापता मागचे बंध पुढे आणून बांधण्याची पद्धत बसवली. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरील आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशयाला वरून आधार दिला. दोघांच्या कामाचे मोल मोठे आहे, तरी तिथेही मुख्य चिंता गर्भधारणेची होती.

शस्त्रक्रियेनंतर संबंधाच्या वेळी दुखते का, हे थेट विचारणाऱ्यांत लिव्हरपूलचे प्राध्यापक नॉर्मन जेफकोट अग्रणी होते. मागच्या भिंतीच्या दुरुस्तीनंतर कित्येक स्त्रियांना संबंध वेदनादायक किंवा अशक्य झाल्याचे त्यांनी १९५९ मध्ये दाखवले. गुदाशयापुढे स्नायू ओढून शिवले की आत कडक, दुखरा उंचवटा तयार होतो. जादा त्वचा कापली तर मार्ग अरुंद होतो. शिवण भक्कम, पण बाई दुखणाईत, असा हा प्रकार होता. तरीही संबंधांविषयीची स्वतंत्र, तपासून घेतलेली प्रश्नावली अमेरिकेत २००१ मध्येच आली. अशा प्रश्नावल्यांतून दुसरी बाजूही दिसली: स्वतःच्याच ऊतींनी केलेल्या दुरुस्तीनंतर बहुतेकींचे लैंगिक जीवन तसेच राहते किंवा सुधारते.

त्याच सुमारास योनिमार्गातून बसवायच्या प्लास्टिकच्या जाळ्या बाजारात आल्या. काहींची जाळी आक्रसली, काहींची भिंतीतून बाहेर आली. संबंधात जोडीदारालाही इजा होऊ लागली. तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले गेले, आणि हा अन्याय शस्त्रक्रियेच्या दोषाहून लहान नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या विकारासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबवली. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० च्या अहवालात स्त्रियांच्या साक्षी नोंदवल्या. उद्ध्वस्त झालेले शरीरसंबंध आणि मोडलेले संसार त्यांत होते.