पाणबुडी बांधणारे हात

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या धाराशिवच्या श्रोत्यांपुढे पाणबुडीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, अशी नोंद ‘पेरिप्लस’च्या कर्त्याने पहिल्या शतकात करून ठेवली आहे. गलबत किनाऱ्यावर दिसते. त्याचा भार आतला मुलूख वाहत असतो.

अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचेही तसेच आहे. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी विशाखापट्टणमला जहाजगोदी काढली; 1941 च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. त्याच बंदरात, सरकारच्या स्वतंत्र केंद्रात, 26 जुलै 2009 रोजी ‘अरिहंत’ पाण्यात उतरली. तिची अणुभट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रचली, पोलादी कवचाचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले, आणि चालनयंत्रणेच्या कामात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा हात होता. साखर कारखान्यांची यंत्रे करणाऱ्या गावाचे हे काम! आम्हांस तरी याचे अप्रूप वाटते.

आता प्रश्न असा, की अशा पाणबुड्या आपण अधिक संख्येने व अधिक वेगाने बांधू शकू काय? ‘अरिहंत’ची अणुभट्टी 2013 च्या ऑगस्टात पेटली, आणि ती नौदलात दाखल झाली 2016 मध्ये. दुसरी ‘अरिघात’ 29 ऑगस्ट 2024 रोजी आली. त्यानंतर ऑक्टोबरात शत्रूच्या नौकांचा माग काढणाऱ्या दोन नव्या अणुपाणबुड्यांना सरकारने मंजुरी दिली. पैसा लागेल, समृद्ध युरेनियमही लागेल. पण आमच्या मते खरी अडचण निराळी आहे, आणि तिचा इतिहास मुंबईच्या माझगाव गोदीत घडला आहे.

1981 मध्ये पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे आणि दोन माझगावला बांधावयाच्या होत्या. आपले कारागीर जर्मनीत जाऊन शिकून आले. पाणबुडीचे कवच सांधणे हे गोदीतले सर्वांत अवघड काम. जाड पोलादाचा प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासावा लागतो, कारण खोल पाण्यात केसाएवढी भेगही माणसे बुडवते. ‘शाल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात आली. पुढे आणखी दोन बांधण्याची सोय करारात होती. पण 1987 मध्ये दलालीचा गवगवा झाला आणि तो विचार बारगळला. पुढचा करार फ्रेंचांशी, 2005 साली! त्यातली पहिली ‘कलवरी’ दाखल झाली 14 डिसेंबर 2017 रोजी. 1994 मध्ये तीस वर्षांचा असलेला कारागीर तेव्हा त्रेपन्न वर्षांचा झाला होता. तोही गोदीत टिकला असेल तर.

हा दोष आपलाच, असे मात्र समजू नये. इंग्रजांनी ‘व्हॅनगार्ड’ जातीच्या पाणबुड्यांनंतर बॅरो गावच्या गोदीतले काम रोडावू दिले. मग ‘ॲस्ट्यूट’ बांधताना जुनी माणसे पांगलेली आढळली, आणि अमेरिकेतील तज्ज्ञांना बोलवावे लागले. ती पाणबुडी 2010 मध्ये सेवेत आली, ठरल्यापेक्षा बरीच उशिरा. ज्यांनी साऱ्या जगाला जहाजे पुरवली त्यांची ही गत!

म्हणून एकदम सहाची घोषणा करून मग दहा वर्षे स्वस्थ बसण्यापेक्षा, दर काही वर्षांनी एक कवच सांधावयास घेणे आम्हांस अधिक शक्य कोटीतले वाटते. अणुभट्टी करणाऱ्यांनाही तेच लागू आहे.

माझगावच्या फ्रेंच मालिकेतली सहावी व शेवटची ‘वाघशीर’ 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात आली. ती पाण्यात उतरली होती एप्रिल 2022 मध्ये. म्हणजे कवच सांधणारे हात त्याआधीच मोकळे झाले होते. त्यांतले किती विशाखापट्टणमला नेले, हे दिल्लीला कोणीतरी विचारावयास हवे.