हजेरीपटावर नसलेले कामगार : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

१/ फास्ट फूड म्हटले की १९९६ साली भारतात आलेले मॅकडोनाल्ड्स आठवते. परंतु उभ्या-उभ्या, स्वस्तात खाण्याची मुंबई परिसरातील रीत त्याहून जुनी आहे आणि तिच्या वाढीत बेकारीचा वाटा मोठा आहे. कल्याणपलीकडच्या तीन शहरांच्या निमित्ताने हा धागा.

२/ दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले.

३/ जमीन, पेढी, दुकान सिंधमध्येच राहिले होते. हाताशी उरला तो स्वयंपाक. बायका पापड लाटत, लोणची घालत. पुरुष आणि मुले ती लोकलमध्ये व दारोदार विकत. सकाळी घातलेले भांडवल संध्याकाळी सुटावे, असा हा धंदा. नोकरी नसलेल्या माणसाला तोच परवडणारा होता.

४/ शेजारचे अंबरनाथ मात्र कारखान्यांचे गाव : विम्कोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी. १९४८ च्या कारखाना अधिनियमात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची तरतूद होती. तिथे जेवण हा कामगाराच्या हक्काचा भाग होता. कायम नोकऱ्या आटल्या, तसा तो हक्कही आटला आणि फाटकाबाहेरच्या गाडीचे महत्त्व वाढले.

५/ १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. कोणी गावी परतले, कोणी वडापावची गाडी लावली. पुढील दशकांत स्वस्त घरांच्या शोधात कित्येक कुटुंबे बदलापूरपर्यंत सरकली.

६/ आज या गाड्यांवर आणि चायनीजच्या टपऱ्यांवर उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळमधून आलेले तरुण दिसतात. गावच्या ओळखीने यायचे, दुकानातच झोपायचे. राहणे-जेवणे पगारात धरले जाते. मालकाचा नफाही तुटपुंजा असतो. वडा स्वस्त ठेवायचा, तर काटछाट मजुरीतच होते.

७/ मग कायदा? १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा कंत्राटदारामार्फत आणलेल्या, किमान पाच कामगारांसाठी होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील बहुतेक तरतुदी मुळात दहा कामगारांपासून पुढे लागू होत्या. काकाने आणलेली तीन मुले दोन्हींत बसत नाहीत. उपाहारगृहांना किमान वेतन लागू आहे. पण हजेरीपटच नसेल, तर कमी पगार सिद्ध कसा करायचा?

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढेही हीच अडचण उभी राहते. गिरणीची दप्तरे सापडतात, कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाची सापडत नाहीत. १९४९ च्या पापडविक्रेत्याला आपण आज उद्यमशील म्हणतो. आजच्या मुलाला ‘बाहेरचा’ म्हणून मोकळे होतो. तुमच्या घरात कोणी गाडी, खानावळ वा फेरीचा धंदा केला असेल, तर त्यांना विचारा : दिवसाला काय सुटत असे? त्याआधी कुठे कामाला होता? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा.

धागा समाप्त.