१७६६३१९०४९ : भास्कराचार्य, फर्मा आणि ६१ चे कोडे

१/ इ.स. १६५७. फ्रान्समधील तूलूझचा न्यायाधिकारी व गणितज्ञ पिएर द फर्मा याने समकालीन गणितज्ञांना कोडे घातले : ६१ ला अशा वर्गसंख्येने गुणावे, की गुणाकारात १ मिळवल्यावर पुन्हा वर्गसंख्याच यावी. याच ६१ चे उत्तर भारतात पाच शतके आधीच लिहिले गेले होते, हे त्याला ठाऊक नव्हते.

२/ ६१ च्या शेजारच्या संख्या अगदी सोप्या आहेत.
६० × ४² + १ = ३१²
६२ × ८² + १ = ६३²
मात्र ६१ साठी सर्वांत लहान उत्तर असे :
६१ × २२६१५३९८०² + १ = १७६६३१९०४९²
एकेक संख्या तपासत गेल्यास बावीस कोटींहून अधिक गुणाकार करावे लागतील!

३/ शके १०३६ (इ.स. १११४) मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात ६१ चे हेच उदाहरण उत्तरासह आहे. या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ म्हणत आणि तो सोडवण्याची रीत म्हणजे ‘चक्रवाल’.

४/ ही रीत एकट्याची नव्हे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने दोन उत्तरांपासून तिसरे उत्तर काढणारी ‘भावना’ मांडली. पुढे जयदेवाने चक्रवाल रचला, इ.स. १०७३ च्या एका टीकाग्रंथामुळे त्याचे श्लोक टिकले.

५/ रीतीचे मर्म असे : नेमके उत्तर शोधण्याऐवजी जवळचे घ्यावे.
८² − ६१ × १² = ३
येथे १ ऐवजी ३ उरले. चक्रवालाचा एकच फेरा केला की
३९² − ६१ × ५² = −४
आणि बाकी ४ आली की ब्रह्मगुप्ताचा नियम थेट अंतिम उत्तरापर्यंत नेतो. बावीस कोटींचा शोध काही ओळींत संपतो.

६/ युरोपात फर्माच्या आव्हानाला इंग्लंडच्या ब्राउंकरने रीत शोधून उत्तर दिले. पुढे ऑयलरने चुकून तिचे श्रेय जॉन पेलला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले. अशा समीकरणाला उत्तर असतेच, ही सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. ती सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

७/ कोलब्रुकने केलेला ‘बीजगणिता’चा इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये लंडनला छापला गेला. तोवर पेलचे नाव पक्के झाले होते.

८/ खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. मठाला मिळालेल्या दानांचा तपशील तर मराठीत कोरलेला आहे. पाठ्यपुस्तकांत आजही पेलचेच नाव आहे. १७६६३१९०४९ चा वर्ग मात्र कोणालाही कागदावर पडताळून पाहता येतो.