निषेध, बाललसीकरणातील

विशिष्ट बालकाला विशिष्ट लस न देण्याचे वैद्यकीय कारण. निषेध कायमचा असतो किंवा तात्पुरता; तात्पुरत्या निषेधात लस फक्त पुढे ढकलतात. सर्व लसींना लागू पडणारा कायमचा निषेध एकच : त्याच लसीच्या आधीच्या मात्रेमुळे किंवा तिच्यातील घटकामुळे आलेला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे, रक्तदाब घसरणे. लस टोचल्यावर मुलाला अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी.

जिवंत लसी : बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला, रोटाव्हायरस. प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव असल्यास किंवा कर्करोगावरील औषधे चालू असताना या देत नाहीत. प्रेडनिसोलोन रोज दर किलो वजनास 2 मिग्रॅ. वा अधिक, असे 14 दिवस वा जास्त घेतले असल्यास ते थांबवल्यावर महिनाभर वाट पाहतात. दम्याच्या पंपातील स्टेरॉइड या हिशेबात धरत नाहीत.

अडचण बीसीजीची आहे. ती जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टोचतात, आणि प्रतिकारशक्तीतला दोष उघड व्हायला काही महिने जातात. निषेध कळतो तेव्हा लस देऊन झालेली असते; अशा मुलात लसीतलाच जंतू अंगभर पसरू शकतो. आधीचे भावंड तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन दगावले होते का, हा प्रश्न बाळंतिणीच्या खाटेपाशीच विचारायला हवा. मामे-आते नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो अधिक मोलाचा, कारण यांतील अनेक दोष आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकट होतात. एचआयव्हीची लक्षणे असलेल्या मुलाला बीसीजी देत नाहीत. उपचारांनी स्थिरावलेल्या मुलाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका 2018 मध्ये काहीशी सैल झाली.

डांग्या खोकला : त्रिगुणी किंवा पेंटाव्हॅलंटच्या मात्रेनंतर सात दिवसांत, दुसरे कारण न सापडता, मेंदूविकार झाल्यास डांग्या खोकल्याचा घटक पुढे देत नाहीत, घटसर्प व धनुर्वाताची लस चालू ठेवतात. वाढत जाणारा मज्जाविकार असल्यास तो स्थिरावेपर्यंत थांबतात. घराण्यात फिट्स असणे हा निषेध नाही.

या निषेधाला मोठा इतिहास आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी 1974 मध्ये अशा 36 मुलांची हकीकत छापली. वृत्तपत्रांनी ती उचलली आणि ब्रिटनमधील या लसीचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या आसपास कोसळले. 1977 ते 1979 या काळात डांग्या खोकल्याच्या एक लाखाहून अधिक नोंदी झाल्या. पुढे 2006 मध्ये बर्कोविच व सहकाऱ्यांनी लसीवर आळ आलेल्या 14 रुग्णांची जनुके तपासली. त्यांपैकी 11 जणांत अपस्माराशी निगडित एससीएन1ए या जनुकात बिघाड आढळला. म्हणजे त्या मुलांचा आजार मुळात जनुकातला होता. लसीनंतरच्या तापाने पहिला झटका लवकर आला असेल, इतकेच. तरीही निषेध मार्गदर्शक सूचनांमध्ये कायम आहे.

गोवर-रुबेला : निओमायसिन किंवा जिलेटिनमुळे ॲनाफिलॅक्सिस झाला असल्यास वर्ज्य. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिले असल्यास प्रकार व मात्रेनुसार काही महिने लांबवतात. अंड्याची ॲलर्जी हा निषेध नव्हे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर लस तर मानवी पेशींवर वाढवतात, कोंबडीच्या गर्भावर नाही.

रोटाव्हायरस : आतड्यात आतडे शिरण्याचा विकार पूर्वी झाला असल्यास वर्ज्य. अमेरिकेत 1998 मध्ये आलेली पहिली लस याच विकारामुळे 1999 मध्ये मागे घेण्यात आली.

जपानी मेंदूज्वर : जिवंत लस असल्यास वरील सर्वसाधारण निषेध.

खोटे निषेध : सर्दी, हलका ताप, साधे जुलाब, चालू असलेले अँटिबायोटिक, दात येणे, अंगावरचे दूध, कमी दिवसांचा जन्म. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रत्यक्ष नुकसान खऱ्या निषेधांकडे दुर्लक्ष होण्यापेक्षा या यादीने अधिक होते. माता-बाल कार्डावर ‘नाक वाहते, पुढच्या वेळी’ असा पेन्सिलीचा शेरा आणि पुढचा रकाना कोरा, हा नमुना परिचित आहे. ‘मूल अशक्त आहे’ हे कारण तर उलटे चालते : कुपोषित मुलाला गोवर जास्त जिवावर बेतणारा, म्हणून लस त्यालाच आधी. कमी दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेपासून मोजतात, अपेक्षित तारखेपासून नव्हे.

कुपीचा दोष : गोठलेली पेंटाव्हॅलंट, किंवा द्रावण मिसळून चार तास उलटलेली बीसीजी व गोवर-रुबेला कोणत्याच बालकाला देत नाहीत.